जबाबदार व्यक्ती

बाहेर पारा उणे सत्तावीसवर उतरला होता आणि आत डार्ला श्मिटच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अठरा वर्षं शाळेची बस हाकून झाल्यावर, पन्नाशीला टेकताना, तिनं शिक्षिका होण्यासाठी विद्यापीठात नाव घातलं. चार वर्षं स्वतःच्या पोरांच्या वयाच्या मुलींशेजारी बसून बालमानसशास्त्र घोकलं. आता एकच पाठ उरला होता. तो आज पास झाला तर शिकवण्याचा परवाना, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. परीक्षक डॉ. प्रुइट दुसरीच्या वर्गात मागच्या बाजूला, चिमुकल्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून, लॅपटॉप सांभाळत बसले होते.

पण वर्गाच्या मूळ बाई मिसेस हॉगन काल बर्फावर घसरल्या आणि पाय मोडून बसल्या. शिकाऊ शिक्षिकेनं वर्गात एकटं राहायचं नाही, असा नियम. म्हणून शाळेनं बदली शिक्षिका आणली. केल्सी, वय एकोणीस, शिक्षण बारावी, अनुभव स्केट भाड्यानं देण्याचा. हिला मात्र कुठल्याही वर्गात एकटीला सोडायला नियमाची हरकत नव्हती!

वजाबाकी छान रंगली होती. तेवढ्यात केल्सी उठली. "गाडी गोठेल माझी. जरा सुरू करून येते हं," म्हणत बाहेर पडली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "जबाबदार व्यक्ती वर्गाबाहेर गेलीय."

"मग मी कोण आहे?"

"तुम्ही शिकाऊ. तिच्या गैरहजेरीत शिकवलंत तर पाठ बाद."

तेवीस मुलं पेन्सिली उगारून थांबली. पाच मिनिटांनी खिडकीवर थापा पडल्या. शाळेचं दार केल्सीच्या मागे आपोआप बंद झालं होतं, ते उघडायचं कार्ड टेबलावर होतं आणि गाडीही सुरू झाली नव्हती. डार्ला दाराकडे धावली.

"मुलांना सोडून निघालात? बाद."

"मग तुम्ही थांबा की यांच्याजवळ!"

"मला परवानगी नाही. पोलीस तपासणीसाठी मी बोटांचे ठसे दिलेत, पण ते शेजारच्या जिल्ह्यात."

डार्लानं दात-ओठ खात ऑफिसात फोन लावला.

"दार उघडायला वर्गशिक्षिकेचा होकार लागतो. त्यांना द्या फोन," सेक्रेटरी म्हणाली.

"अगं, तीच बाहेर कुडकुडतेय!"

"बरं, मग आत आल्या की मला फोन करायला सांगा."

मुलं खिडकीशी जमली. "बाई, तिचं नाक निळं पडलं!"

"सर, पोरगी गारठून मरेल!"

"हो, मी त्याची नोंद केलीय," डॉक्टर टाइप करत म्हणाले.

आता मात्र डार्लाच्या संयमाचा बांध फुटला. पाठाचं चौदा पानी टाचण तिनं टेबलावर आपटलं. "खड्ड्यात गेला तुमचा परवाना! सोडला मी तुमचा अभ्यासक्रम. आजपासून मी तुमची विद्यार्थिनी नाही. याचीही नोंद करा! आणि पोरांनो, रांग लावा!"

बसच्या सवयीनं तेवीस मुलं तीस सेकंदांत रांगेत उभी राहिली आणि वरात दाराशी पोचली. डार्लानं आतून दार ढकललं. केल्सी आत आली ती दात वाजवतच. "म-मला नको तुमची नोकरी," म्हणून तिनं भिंतीवरच्या गरम रेडिएटरला पाठ लावली.

गलबला ऐकून मुख्याध्यापिका रोंडा धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग एकदम डोळे बारीक केले.

"डार्ला, तू खरंच कोर्स सोडलास?"

"सोडला! चार वर्षं पाण्यात गेली, जाऊ देत!"

"अगं, मग झालं तर! शिकाऊ होतीस म्हणून हात बांधलेले होते. आता तू केल्सीसारखीच नुसती बारावी झालेली बाई. जूनमध्ये वर्ष संपेपर्यंत घेतेस हा वर्ग? एकटीनं?"

डार्लाला हसावं की रडावं कळेना. चार वर्षं शिकून जो वर्ग मिळत नव्हता, तो शिक्षण सोडल्याबरोबर पदरात पडत होता! संताप तसूभरही कमी झाला नाही, पण ती "घेते" म्हणाली.

वर्गात परतल्यावर डॉ. प्रुइटनी घसा खाकरला. "श्मिटबाई, रागाच्या भरात माणूस बोलून जातो. चला, मी थांबतो, उरलेला पाठ बघतो. काहीतरी मार्ग काढू."

डार्लानं वर्गाचं दार सताड उघडलं.

"बाहेरच्या माणसाला वर्गात बसायचं असेल, सर, तर वर्गशिक्षिकेची परवानगी लागते."

"कुठाय ती?"

"तुमच्यासमोर उभी आहे. आणि ती देत नाही."