पाणी न लागणारी बॅटरी

कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची मला हौस आहे. (आमच्या मंडळी, म्हणजे बसम्मा, हिला भोचकपणा म्हणतात.) त्यामुळं गाडीची बॅटरी बदलायची ठरल्यावर मी नुसता दुकानात जाऊन ती घेऊन येईन, हे शक्यच नव्हतं.

घाई मात्र होती. दुष्काळ असा, की उदगीरात आमचा नळ नुसता शोभेला उरलेला. बसम्माच्या माहेरी, देवणीला, बोअर अजून चालू होता आणि आमची सेकंडहँड गाडी म्हणजे आमचा टँकर. त्यात उद्या नांदेडहून व्याही यायचे होते, आमच्या लेकीला, उमाला घेऊन. आणि नेमकी आजच सकाळी गाडी खर्र करून गप्प झाली.

"पावण्यांना काय कोरडं बसवायचं?" बसम्मा म्हणाली. "जावा, बॅटरी आणा. अन् तिथं बोलत बसू नका!"

रेवणप्पाच्या दुकानात मी विचारलं, "ही इतकी जड का? ही स्वस्त का? हिला हिरवा डोळा कशाला?"

"साहेब, तुमच्या गाडीला ही खास बॅटरीच लागती," रेवणप्पा म्हणाला. "गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतंय का?"

"छे! माझ्या गाडीला असली खोड नाही!"

"हां, जुनी नरम झाली आसंल म्हणून. आता नवी बसली की..."

"हिच्यात पाणी कुठून घालायचं?" मी मधेच विचारलं.

"हिला पाणी लागत न्हाई."

ऐन दुष्काळात पाणी न पिणारी वस्तू! मी खूश. रेवणप्पा पुढं काहीतरी सांगत होता. पण तोवर मी उदगीर जिल्हा झाला तर बॅटऱ्या स्वस्त होतील का, या विषयाकडं वळलो होतो.

नवी बॅटरी बसवली आणि दुपारी मी आणि बसम्मा देवणीहून कॅन भरून निघालो. वाटेत चारा छावणीकडं चाललेली गुरं आडवी आली. मी गाडी थांबवली, गिअर काढला, आणि इंजिन बंद!

"गेली! नवीकोरी बॅटरी गेली!" मी ओरडत खाली उतरलो.

"चावी तर फिरवून बघा," बसम्मा आतून म्हणाली.

"मेलेल्या बॅटरीला चावी काय करणार? धक्काच मारावा लागेल."

गुराखी सिद्धराम धावत आला. "लई जड हाय हो. वझं उतरवा."

कॅन रस्त्याच्या कडेला मांडले. गुरं जागच्या जागी थांबली. देवणी जातीचं एक वासरू पुढं आलं आणि कॅन चाटायला लागलं. सिद्धराम मान खाली घालून उभा राहिला. बसम्मा उतरली आणि तिनं स्वतः झाकण उघडून घमेल्यात पाणी ओतलं. मग बाकीच्या गुरांना नाही कसं म्हणणार? शेवटचा कॅन एका म्हाताऱ्या गाईनं संपवला.

गाडी आता हलकी झाली होती. बसम्मा ड्रायव्हरच्या जागेवर बसली, क्लच दाबला, चावी फिरवली. गाडी सुरू!

मी तिथूनच रेवणप्पाला फोनवर झापायला लागलो.

"आवो, तेच सांगून राहिलो होतो की! जुनीत दम नव्हता म्हणून गाडी ते करत नव्हती. आता थांबली की इंजिन झोपतंय, क्लच दाबला की उठतंय. तेल वाचतंय."

"तेल वाचलं म्हणं," बसम्मा म्हणाली. "अन् पाणी? बॅटरीला लागत न्हाई म्हणून आमालाबी लागत न्हाई व्हय? परत फिरवा."

परत गेलो, तर देवणीची लाईट गेलेली. बोअर बंद. रिकामे कॅन खडखडवत घरी आलो.

रात्री मला व्याह्यांना, गुरुपादप्पांना, फोन लावावा लागला. (मुलीच्या बापानं व्याह्यांकडं पाणी मागायचं! जीभ रेटेना.) "उद्या... आंघोळ करूनच या. आणि जमलंच तर चार कॅन..."

"आणतो की!" ते म्हणाले.

निदान एक तरी शहाणपणाची गोष्ट सांगावी म्हणून मी आवाज जाड केला, "आणि हे बघा, वाटेत गाडी थांबली अन् इंजिन बंद झालं, तर घाबरून उतरू नका. नुसता क्लच दाबायचा."

"हाव, म्हाईत हाय," व्याही म्हणाले. "विहीणबाईंचा फोन मघाशीच येऊन गेला. आमच्या घरचे समदे आजून हसून राहिलेत."