भालेरावांचं उभं उठणारं विमान

भालेरावांनी माझ्या सासूबाईंना पहिल्याच भेटीत, जिन्यात, हातातली पिशवीही खाली ठेवू न देता विचारलं, "वजन किती?" सासूबाई आल्या पावली माघारी फिरल्या. त्यांना स्टेशनवरून परत आणायला मला रिक्षा करावी लागली, आणि पुढे महिनाभर माझ्या घरात त्या प्रश्नावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी तावातावाने वर गेलो, तर माझ्याआधी तेच पेटले. पाहुण्या चार दिवस राहणार, त्या चार दिवसांत उल्हास नदी वर आली तर त्यांना कोणत्या आकड्यात धरायचं, असा त्यांचा मलाच सवाल. सोसायटीचा सेक्रेटरी असून मला एवढं कळू नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं. म्हणजे अपमान माझ्या सासूचा आणि मान खाली घालून जिना उतरलो मी.

ही नव्वदनंतरची गोष्ट. आमची सोसायटी बदलापुरात, खरवईच्या अंगाला. दोन विंग, तीन मजले आणि मधे एक मोकळा प्लॉट. भालेराव अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे डिस्पॅच खात्यात तीस वर्षं लाकडी खोक्यांवर वजन रंगवायचं आणि खोक्याचा तोल कुठे सावरतो तिथे खूण करायची, हे त्यांचं काम. खोका काट्यावर चढला की एक सही तोलणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दुसरी सही झाल्याशिवाय खोका काट्यावरून उतरायचा नाही. गाडी सुटली की वहीत शेवटचा शब्द लिहायचा, 'रवाना'.

माणूस रिटायर झाला तरी काटा सुटला नाही. उल्हासनगरच्या भंगारबाजारातून त्यांनी एक प्लॅटफॉर्म काटा आणून गॅलरीत बसवला होता. त्याच बाजारात एका सिंधी रद्दीवाल्याकडे त्यांना ते विमान सापडलं. परदेशी लष्करी मासिकांचा गठ्ठा होता. "साईं, चित्रं छान आहेत, पोरांना द्या," असं म्हणून त्याने तो किलोवर दिला आणि आमच्या सोसायटीची शांतता गेली.

विमानाचं नाव टिल्टरोटर. ते कसं चालतं हे भालेराव टेबलफॅनवर दाखवायचे. फॅनची मान मोडून त्यांनी ती अशी बसवली होती की पंखा आधी छताकडे तोंड करी आणि मग सावकाश समोर वळे. "उभं उठेल, आडवं जाईल," हे ते दिवसातून दहा वेळा म्हणत. पंखे वर असले की हेलिकॉप्टर, पुढे वळले की विमान. छोटं कुठेतरी उडवून पाहिलं होतं म्हणे. पण भालेरावांना छोट्यात रस नव्हता. त्यांना चार पंख्यांचं मोठं हवं होतं, पोटात शंभर माणूस मावेल असं.

आणि ते अजून का बनत नाही याचा संताप त्यांच्या अंगात कायम भिनलेला. हेलिकॉप्टर उचलतं थोडं आणि जातं हळू. मोठ्या विमानाला धावपट्टी लागते, ती काय कड्यावर बांधणार? डोंगरावरच्या चौकीत एका खेपेत अख्खी तुकडी उतरवायची, येताना जखमी आणायचे, पोटाखाली तोफ लटकवून पलीकडच्या खोऱ्यात ठेवायची, बोटीवरून उठून किनाऱ्यामागे उतरायचं, ही सगळी कामं मासिकात लिहिली होती. भालेरावांचा राग वेगळाच होता. "जागा किती ते लिहिलंय. आधी कोणाला चढवायचं ते एकानं लिहिलं नाही. कसले तज्ज्ञ हे?" अशा अर्थाची पत्रं ते दिल्लीला पाठवत आणि ती इंग्रजीत टाइप करायला मी. उत्तर कधीच आलं नाही. त्याचाही जाब मलाच विचारला जाई.

पूर आला की शेवटी लष्करच येतं, आणि लष्कर आलं की हेच विमान आणणार, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. ते उतरणार आमच्या प्लॉटवर. दर रविवारी ते तिथे फक्कीने गोल आखत आणि गोलात स्कूटर दिसली की स्कूटरवाल्याच्या दारात उभे राहत. आमचे चेअरमन घरत म्हणजे इथले मूळचे, पोट सुटलेले. त्यांना ते सगळ्यांदेखत म्हणाले, "घरतसाहेब, तुमचा मध्य पुढं सरकलाय. तुम्हाला पंखांच्या मागं बसवावं लागेल." घरतांनी दोन वर्षं हे मनात ठेवलं.

मग सर्वसाधारण सभेत प्लॉटवर हॉल बांधायचा ठराव आला. लग्नं, बारशी, भाड्याचं उत्पन्न, सगळ्यांना पटलं. विरोधात एकच हात वर गेला.

"बांधा हॉल," भालेराव म्हणाले. "पण तुम्हाला उचलायचं कुठून?"

"तुमचं विमान हॉलच्या गच्चीवर उतरवा ना," घरत म्हणाले.

भालेराव गच्चीचा स्लॅब किती वजन घेईल ते खरोखरच सांगू लागले. लोक पोट धरून हसले. मी इतिवृत्त लिहिता लिहिता हसलो. ते मधेच थांबले, चष्मा खिशात घातला आणि जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. हातात लाल कापडी बांधणीची वही. "रेकॉर्ड सेक्रेटरीकडे राहतं," एवढंच म्हणाले. माझं वजन विचारलं नाही. आठवडा गेला, त्यांनी कोणालाच विचारलं नाही. रविवारी फक्कीही पडली नाही.

मी वही उघडली ती चिडूनच. आत आमची अख्खी सोसायटी होती. पहिलं नाव माझ्या आईचं. 'वजन ४१. ऐकू कमी येतं. आधी हात धरावा, मग सांगावं.' पुढे बी विंगमधली बाळंतीण. घरतांच्या नावापुढे 'साखर आहे. डबा बरोबर घ्यावा. उंचीला भितात, खिडकी नको, कोणाला सांगू नये.' माझ्या सासूबाईंच्या वजनाची जागा कोरी होती, पण सीट राखून ठेवली होती.

सुरुवातीच्या पानांवर प्रत्येक नावापुढे दोन सह्या. तोलणारा भालेराव, तपासणारा मालती भालेराव. त्यांच्या पत्नी. शांत बाई, या वेडात गुपचूप सामील असतील हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं नाव चौथ्या पानावर होतं, सत्तेचाळीस किलो. पुढे त्या गेल्या ती तारीख आणि एक शब्द, 'रवाना'. त्यानंतरच्या सगळ्या पानांवर दुसऱ्या सहीचा रकाना कोरा.

भालेरावांचं नाव कुठल्याच सीटवर नव्हतं. शेवटच्या पानावर तळाशी लिहिलं होतं, 'सिग्नल द्यायला खाली एक माणूस लागतो. भालेराव.'

मला घरतांचा राग आला, त्या हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. शंभर माणसांची सोय करून ठेवणाऱ्या या गृहस्थाला शेजारी राहून आम्ही एकदाही उलटा प्रश्न विचारला नव्हता.

मी आईचा हात धरला, मग सांगितलं, आणि तिला घेऊन वर गेलो.

"वजन किती तुमचं?" मी विचारलं.

भालेराव गडबडले. "माहीत नाही. स्वतःचं स्वतः तोलायचं नसतं."

"चढा."

ते चपला काढून काट्यावर चढले. मी वजनं ठेवली, दांडी स्थिर केली, वहीत आकडा लिहून सही केली. वहीकडे बघत ते म्हणाले, "पण मग खाली कोण राहणार?"

"सेक्रेटरी कशाला असतो?"

आईने चष्मा लावला, दांडीपाशी वाकून आकडा नीट पाहिला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यांदा म्हणाली, "त्रेपन्न. जेवता की नाही तुम्ही?" मग मालतीबाईंच्या रकान्यात ती सही करायला बसली. तिला सहीला वेळ लागतो, एकेक अक्षर ती कोरून काढते. तोवर भालेराव काट्यावर तसेच ताठ उभे होते, डोळे पुसायलाही हात न हलवता.