दारालगतच्या सहाव्या खुर्चीची मोहीम

स्ट्रासबुर्ग शहरी, जुन्या पेठेत, कालव्याकाठी कातेलबाईंची खानावळ आहे. तेथील गोल मेजाची सहावी खुर्ची कैसी फत्ते जाहली, ती हकीकत सादर होत आहे, श्रोते सावध असावे.

राजमान्य राजेश्री आन्सेल्म कुर्ताद, पाणीखात्याचे निवृत्त कारकून, हे मूळचे गास्कनी प्रांतीचे. अल्सास मुलखीची कन्या वरली आणि तीस वर्षे येथेच राहिले, आणि येथील आंबवलेली कोबी खाऊन पोट वाढविले. परंतु गोल मेज रोजच्या यारदोस्तांचे, आणि बोलावल्यावाचून तेथे बसावे ऐसा दस्तूर नाही, आणि बोलावणे कधी आले नाही. त्या मेजावर कातेलबाईंचे मोकळे अरेतुरे चाले, आणि जिन्याखाली हुजूर एकले बसत, त्यांस मात्र अदबीने "काय आणू साहेब?" म्हणत. तो 'साहेब' हुजुरांचे काळजास घरे पाडी.

तों हिवाळ्यात त्या मेजाच्या दारालगतच्या सहाव्या खुर्चीचे धनी वेंडलिंग डाकवाले यांस देवाज्ञा जाहली आणि गादी रिकामी पडली. हुजुरांनी डोळे पुसले आणि मग लागलीच मसलत मांडली. कबिला सुझेलबाई यांनी बजाविले, "अहो, बोलावलंय का कोणी तुम्हाला? हसं होईल!" हुजुरांनी तो अर्ज नामंजूर करून, नवा गळपट्टा चढवून कूच केले.

मग जिन्याखालील ठाण्यावर कोबीचा डोंगर सर केला, आणि सॉसेजे कापून काढिली, आणि बटाटे शरण आले, आणि रिसलिंगच्या वारुणीने शौर्य संचरले, आणि मग खासा हुजूर पोट सावरीत जाऊन सहाव्या खुर्चीवर बसले.

पाचही सरदारांनी पेले खाली ठेविले. हुजुरांस दरदरून घाम फुटला. माघार घ्यावी, तर पोट मेजाखाली अडकलेले. त्यात अर्धवट उघड्या दारातून गार वाऱ्याचा झोत मानेवर आला.

मग मुदपाकखान्यातून झारा उगारीत कातेलबाई आल्या आणि फर्मान सुटले, "ए कुर्ताद! बसलायस तर ते दार ओढून घे ना! वेंडलिंग रोज ओढायचा."

"तीस वर्षं तिकडे रुसल्यासारखा बसलास," शेजारील सरदार वदले, "तुला बोलावणार तरी कसं, बाबा?"

हुजुरांनी दार ओढिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. 'साहेब' हा किताब जप्त जाहला, 'ए कुर्ताद' हा बहाल जाहला, आणि लुटीत पडसे मिळाले. हल्ली दार कुर्ताद सांभाळतो. बखरही त्यानेच लिहिली. दुसऱ्या कोणास यात लिहिण्याजोगे काही घडले ऐसे वाटले नाही.