प्लीहा कुठी असते?

आमच्या गावावरून वरोऱ्याले जाणारी मारोतीभाऊची काळीपिवळी दोन गोष्टी झाल्याशिवाय सुटत नाई. एक, सगळ्या सीटा भरल्या पायजे. दोन, जीवशास्त्राच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं पायजे.

मजाक नाई करून राह्यली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासले मी याच जीपनं जायची. परीक्षेवाल्याची सीट ठरलेली, ड्रायव्हरच्या बाजूची. मागं बाजाराले निघालेली माणसं, पायाशी टोपल्या. मारोतीभाऊच्या हातात किल्ली, पण लावायची नाई.

"बोल बाई. पेशीचं ऊर्जाघर कोणतं?"

मी आठवून राह्यली अन् आठवत नाई. मागून गजाननकाका म्हणते, "सांगून टाक वो पोरी, तिकडं सोयाबीनचा लिलाव होऊन जाईन."

शेवटी मेथीवाली कौसल्याबाई मागून वाकते अन् माझ्या कानात सांगते, "तंतुकणिका." रोज ऐकून ऐकून तिले पाठ झालं होतं.

"फितूर," मारोतीभाऊ म्हणे अन् किल्ली फिरवे.

पण मले स्वतःले उत्तर आलं तर तो फक्त "बरोबर" म्हणे. मग वरोरा येईपर्यंत एक शब्द नाई. बरोबर उत्तराच्या पुढं काय बोलायचं असते, हे त्याले कोणी शिकवलंच नव्हतं. चुकलं की मात्र रस्ताभर तोंड चाले.

समजवायची त्याची पद्धत होती. केंद्रक म्हंजे तहसील ऑफिस, हुकूम तिथूनच सुटते. पेशीपटल म्हंजे नाका, कोणाले आत सोडायचं ते तोच पाह्यते. रिक्तिका म्हंजे गोदाम. लयकारिका म्हंजे नगरपालिकेची कचरागाडी. अन् तंतुकणिका म्हंजे चंद्रपूरचं ऊर्जानगर, वीज तिथीच तयार होते न.

"भाऊ, अन् अंतर्द्रव्यजालिका?" मी एकदा विचारलं.

"ते मले काय मालूम? मी फक्त विचारतो. या गाडीचं इंजिन तरी मी कुठी उघडून पाह्यलं?"

"ते दिसतेच," कौसल्याबाई म्हणाली.

माझी ही दुसरी खेप होती. या वेळी नाई जमलं तर मामाच्या कापड दुकानात बसायचं, असं घरी ठरून गेलं होतं. दिवसभर साड्यांच्या घड्या मोडायच्या अन् पुन्हा घालायच्या. म्हणून मी मारोतीभाऊचा तरास मुकाट सोसत होती.

हे सारं त्याच्या वैशालीपासून सुरू झालं. तिची आई लहानपणीच गेली. मग बापानं जीपमधेच बाजूले बसवून, प्रश्न विचारत विचारत पोरीले नर्स केलं. आता ती पुण्याले मोठ्या दवाखान्यात. दुपारी जीप वरोऱ्याच्या स्टँडवर उभी असली की तिचा फोन येई. मारोतीभाऊ स्पीकर लावून बोलते, त्यामुळं साऱ्या जीपले ऐकू जाई.

"बाबा, जेवले का?"

"हो. प्लीहा कुठी असते?"

"अं... उजवीकडे न?"

"अवो, उजवीकडे यकृत असते! प्लीहा डावीकडे, बरगड्यांच्या खाली. काय करते मग तू दवाखान्यात? झोप होते का नाई? मच्छर हाये का तिथी? मच्छरदानी घेतली का?"

मच्छरदानीवरून गाडी पार शेजारणीच्या म्हशीपर्यंत जाई.

मले तर घोरच लागला. स्टाफ नर्स, अन् प्लीहा कुठी ते माहीत नाई. ते पण दर दोन-चार दिवसांनी तीच चूक. मी गजाननकाकाले म्हटलं, "मी पुण्यात बिमार पडली तर मले या दवाखान्यात नेऊ नका."

पेपरच्या दिवशी सेंटर चंद्रपूरले होतं. मारोतीभाऊनं सीटा भरायची वाट पाह्यली नाई, रिकामी जीप काढली. प्रश्नही विचारला नाई.

"भाऊ, विचारा न काही."

"आज नाई."

"काऊन?"

"आज दुसरे विचारते."

अन् रिकाम्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवत राह्यला.

पेपरात पेशीच्या ऊर्जाघराचा प्रश्न आला. खरं सांगते, पर्यायांत मी आधी ऊर्जानगरच शोधलं.

पण जमलं. नागपूरच्या कॉलेजात नंबर लागला. "चला, आता गाडी टायमावर सुटन," गजाननकाका म्हणाले. मारोतीभाऊ बाजूची सीट फडक्यानं पुसत राह्यला.

होस्टेलवर आली त्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. मागं स्टँडचा गोंगाट.

"बाई, प्लीहा कुठी असते?"

"आधी जेवली का तं विचारा," मागून कौसल्याबाईचा आवाज आला.

उत्तर माझ्या ओठावर होतं. सांगितलं असतं तर तो "बरोबर" म्हणाला असता अन् फोन ठेवला असता. तेव्हा कुठी मले वैशालीताईची प्लीहा समजली.

"उजवीकडे न, भाऊ?"

"अवो, उजवीकडे यकृत असते!"

मी उशी पाठीशी घेतली अन् नीट टेकून बसली.