लाकडाला माणसांची सवय नसते

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्याने आयुष्य काढलेल्या कंपाउंडरांनी निवृत्तीनंतर एक न्याय्य निर्णय घेतला : निवृत्तीचे लाभ माणसाला मिळतात, तर त्याच्या तळपायांनाही मिळायला हवेत. घराचे नूतनीकरण निघालेच होते. जुनी फरशी इतकी गार, की सकाळी पाय टेकवला की थेट मस्तकाशी बोलायची. तेव्हा लाकडी जमीन करायची आणि उरलेले आयुष्य तिच्यावर अनवाणी हिंडायचे, असे ठरले.

लाकडाच्या दुकानात विक्रेत्याने त्यांना चपला काढून नमुन्याच्या चौथऱ्यावर उभे केले. तो साग, शिसव, ओक यांची थोरवी सांगत होता. कंपाउंडरांना ऐकू येणे केव्हाच थांबले होते. तळव्यांखाली काहीतरी ऊबदार आणि समजूतदार होते. त्यांचे डोळे मिटले.

"अहो, उतरा आता," बायको कुजबुजली. "लोक बघतायत."

सागाची निवड अशी पायांनी झाली.

फळ्या आल्या. पाठोपाठ लाकूडतज्ज्ञ आले. हातात ओलावा मोजायचे यंत्र, चेहऱ्यावर अतिदक्षता विभागातली काळजी.

"लगेच ठोकायच्या नाहीत," ते म्हणाले. "लाकडाला आधी घराच्या हवेची सवय होऊ द्या. नाहीतर फुगतं."

हे खरेच असल्यामुळे कोणालाही संशय आला नाही. सर्वांत चांगली हवा झोपायच्या खोलीत होती. तिथे फळ्या निजल्या. नवरा-बायकोची बदली स्वयंपाकघरात झाली. तज्ज्ञ पुन्हा आले, यंत्र फळीला टेकवले आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"वाफ कुठून येतेय?"

"कुकर लावलाय," बायको म्हणाली.

"बंद करा. आणि अंघोळ करता का तुम्ही?"

"रोज," कंपाउंडर ओशाळून म्हणाले.

"तरीच!"

चूल थंडावली, अंघोळी शेजाऱ्यांकडे गेल्या. तरी यंत्राचा काटा स्थिरावेना. तज्ज्ञांनी आवाज खाली आणला.

"रात्री इथे श्वास कोण घेतं?"

"आम्ही दोघं."

"दोघंही?"

"मी बेताचाच घेते," बायको घाईने म्हणाली. "हे मात्र घोरतातसुद्धा."

मग दोघे मेहुणीकडे राहायला गेले. "या की, घर तुमचंच आहे," मेहुणी दार अर्धवट उघडून म्हणाली. "पण साधारण कधीपर्यंत?"

"लाकूड कळवेल," कंपाउंडर म्हणाले.

लाकडाने यथावकाश कळवले. जमीन बसली. दोघे परतले, तेव्हा दारातूनच ती मधासारखी झळकत होती. कंपाउंडरांनी चपला काढल्या, उजवा पाय उचलला आणि आतून आरोळी आली, "थांबा!"

"आता काय झालं?"

"लाकडाला घराची सवय झालीय," तज्ज्ञ म्हणाले. "तुमची कुठे झालीय? तुम्ही होतात कुठे इथे?"

"अहो, तुम्हीच तर घालवलंत! घर आमचं आहे."

"त्याला लाकडाने कधी हरकत घेतलीय?"

पाय हवेतच अवघडला. अनवाणी चालायची मनाई झाली, कारण तळव्यांना घाम येतो आणि घामात मीठ असते. चपलांची मनाई झाली, कारण चपलांना खडे चिकटलेले असतात. मोज्यांना परवानगी मिळाली. मोजे घालून कंपाउंडर दिवाणखान्यात शिरले ते थेट फ्रिजपाशीच थांबले, तेही आडवे. बायको धावत आली.

"ओरखडा नाही ना पडला कुठे?"

"कमरेत पडला असावा बहुतेक."

"तुमचं नाही हो, जमिनीचं विचारतेय!"

त्याच दिवशी जमिनीवर चादर आली. चादर सरकते म्हणून तिच्यावर पुठ्ठे आले. पुठ्ठे मळतात म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकचे अंथरण आले. बाजारात ते लाकडाच्या नक्षीचे मिळत होते, हा योगच म्हणायचा. मेहुणी पाहायला आली आणि थक्क झाली.

"भावोजी, अगदी हुबेहूब लाकूड वाटतं हो!"

"खालचं खरं आहे," कंपाउंडर गंभीरपणे म्हणाले.

एका संध्याकाळी ते फिरायला म्हणून निघाले आणि पायांनी त्यांना परस्पर त्याच लाकडाच्या दुकानात नेले. बाहेर चपलांचा ढीग होता. आत नमुन्याच्या चौथऱ्यावर आठदहा प्रतिष्ठित माणसे अनवाणी, डोळे मिटून, खांद्याला खांदा लावून उभी होती. सगळ्यांच्या घरी लाकडी जमीन होती. कोपऱ्यात विजारीच्या घड्या वर करून साक्षात लाकूडतज्ज्ञ उभे होते.

"तुम्हीसुद्धा?" कंपाउंडर म्हणाले.

"हळू बोला. माझ्याही घरी सागच आहे," तज्ज्ञ डोळे न उघडता म्हणाले आणि थोडे सरकले. कंपाउंडर वर चढले. तळवे टेकले. निवृत्तीचा पहिला लाभ अखेर जमा झाला.

अलीकडे तिथे गर्दी वाढली आहे. घरी लाकडी जमीन हवीच, अशी काही अट नाही. रिमोटवरचे न काढलेले प्लास्टिक, चांगल्या प्रसंगाची वाट पाहता पाहता पोटावर घट्ट झालेला नवा सदरा, यांपैकी काहीही पात्रतेला पुरते. विक्रेता सर्वांना चहाही देतो, मात्र कागदी पेल्यात. चांगल्या कपबशा त्याच्या घरी कपाटात आहेत. तुमच्या आहेत तशाच.