खवल्यांची फुलं

आमच्या आचऱ्यात कुणाचं लग्न ठरलं, की शेजारचे दाजी आधी किनाऱ्यावर होड्यांकडे जात. मासळी घ्यायला नव्हे, खवले मागायला. मोठ्या माशाचे खवले रिठ्यात धुऊन, वाळवून, हळदी-कुंकवाच्या पाण्यात रंगवून ते त्यांची फुलं करत. ती एका चौकटीत डकवत, भोवती शिंपले आणि मधोमध नवरीने नवऱ्याचं नाव घ्यायचा उखाणा. ही चौकट रुखवतात मांडली जाई, आणि 'मुलीने स्वतः केलंय हो' असं मुलीची आई सांगत फिरे. तेव्हा दाजीही 'हो हो' म्हणून मान डोलवत. खरं काय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

माझं नशीब असं, की मी शाळामास्तर आणि अक्षर वळणदार. दिवसभर पोरांच्या पाट्या तपासून मान मोडलेली, चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच कुंपणापलीकडून हाक येई, "गुरुजी, येवा. अक्षरां काढुची आसत."

हे सगळं कशाला, असं मी एकदा वैतागून विचारलं. डिंकाने बरबटलेलं बोट वर करून दाजी म्हणाले, "माया पोटात ठेवन काय करतल्यात? ती भिंतीर दिसाक व्हयी." पुढे हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की माझे कान किटले.

पावसाळ्यात हवा दमट झाली, की खवले मूळ धर्मावर जात. एका भटजींच्या लेकीची चौकट आषाढात सासरच्या मांजराने ओढून खाली पाडली आणि फुलं चाटूनपुसून साफ केली. आपण पाहुण्यारावळ्यांना एवढ्या कौतुकाने काय दाखवत होतो, ते त्या शाकाहारी घराला तेव्हा कळलं. व्याही तावातावाने भांडायला आले. दाजी शांतपणे म्हणाले, "अक्षरां रवली मां? मग झाला." अक्षरं माझी, म्हणून उरलेलं भांडण माझ्या ओटीवर आलं.

"ह्येंच्या मायेचो वास पयलो मांजराक येता," असं माई म्हणे. माई म्हणजे दाजींची बायको. स्वतःच्या लग्नात ती एवढीशी पोर. उखाणा घ्यायची वेळ आली तशी रडत आत पळाली होती. त्यानंतर तिने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही. दाजींनी आपली पहिली चौकट तिच्यासाठी करून चुलीवरच्या भिंतीला लावली. मी पाहिली तेव्हा ती धुराने तव्यासारखी काळी झाली होती. माईला तशीही अक्षरओळख नव्हती. म्हणून दर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आले, की दाजी स्वयंपाकघरात जाऊन तो उखाणा तिला म्हणून दाखवत आणि 'आता तू घे' म्हणत. "माजो भात करपता," म्हणून ती पाठ फिरवी.

"सगळ्या गावाक मी उखाणे दिलंय, गुरुजी," दाजी मला सांगत. "आमच्या घरात मात्र उपास."

एका श्रावणात दाजी तापाने फणफणले. शुद्ध धड नव्हती. माईने आणि मी त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. कंपाउंडरने टाक उचलला.

"पेशंटचं नाव?"

माईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दाजी."

"दाजी गावोगावी आहेत, मास्तर. खरं नाव सांगा."

इतकी वर्षं शेजार, आणि मला ते ठाऊकच नव्हतं. बाकावर दाजी डोळे मिटून पडले होते. माईने पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि शाळेतल्या पोरीसारखं एका दमात म्हटलं,

"खवल्यांची केली फुलं, दोऱ्याविना माळ,
विश्रामरावांच्या संगतीत सरो सारा काळ."

कंपाउंडर लिहायचं विसरला. बाकावरून क्षीण आवाज आला, "ऐकाक नाय गो. परत सांग."

"आधी बरे होवन घराक चला," माई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. माझेही डोळे भरून आले.

दाजी बरे होऊन घरी आले. चौकटी पुन्हा सुरू झाल्या, माझ्या मागची अक्षरंही. माईने मात्र पुन्हा नाव घेतलं नाही. त्यामुळे घरी कुणीही पाहुणा आला, की कुंपणापलीकडून मला हाक येते, "गुरुजी, दवाखान्यात ही काय म्हणाली, ता ह्येंका सांगा."

मी शाळेतून दमून आलेलो असतो. तरी उठतो, जातो, सांगतो. 'खवल्यांची केली फुलं' म्हणून मी सुरुवात केली, की आत भांडी वाजायची थांबतात. आणि माझं सांगून होईपर्यंत ओटीवर भात करपल्याचा खराखुरा वास येतो.