सरक ना बाप्पा!

हनीफचाचांचं कोपऱ्यांशी वाकडं होतं. अकोल्यात त्यांच्या हातचा बोर्ड लांबूनही ओळखू यायचा. जाडजूड अक्षरं, दाटीवाटीनं बसलेली, आणि टोक म्हणून कुठे नाही. शिरोरेघसुद्धा दोन्हीकडून गोल. "कोपऱ्यात धूळ बसते ना भाऊ," म्हणायचे. "अन् टोक असलं की अक्षर भांडखोर दिसते."

दाटीचं कारण गिऱ्हाईक. ओळीनं दोन-तीन हंगाम पिकं गेली, तसे बाजारातले बोर्ड आखूड झाले; नावं मात्र तेवढीच लांब राहिली. लोक हातभर टीन आणायचे आणि त्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे मागायचे. चाचा कधी नाही म्हणाले नाहीत. सुताला खडू लावून रेघ मारायची आणि ब्रश हातात घेऊन अक्षरांनाच दम भरायचा, "सरक ना बाप्पा जरा! त्याले बसू दे!" शेजारी उभा असलेला माणूसही नकळत सरकायचा. मी स्वतः दोनदा सरकलोय.

माझं जठारपेठेत मोटारपंपांचं दुकान, 'गावंडे बंधू'. पंप विचारणारं कोणी उरलं नाही तेव्हा धाकटा भाऊ विलास नोकरी धरून पुण्याला गेला. मला न विचारता. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू! चाचांना सांगितलं, नवा बोर्ड करा, नुसतं 'गावंडे' लिहा. 'बंधू' मावूच नये म्हणून टीनही मुद्दाम तोकडं दिलं.

चाचांना तोकडं टीन देणं हीच माझी चूक. बोर्ड आला तो 'गावंडे बंधू' असाच. शिवाय शेवटी बोटभर जागा शिल्लक!

तणतणत त्यांच्या घरी गेलो. दारावर वहीएवढी पाटी होती, तिच्यावर तीच गुबगुबीत अक्षरं, आठ नावं, रंग ताजा. दार चाचांनीच उघडलं, चहाही त्यांनीच टाकला. घरात दुसरं कोणी दिसेना.

"बाकीचे कुठी गेले, चाचा?"

"थोरला बायकोपोरासंग सुरतले. धाकटा अन् सून हैदराबादले. पोरगी तं बाळापूरले दिली." मग चहा गाळत म्हणाले, "अन् त्याईची माय गेली, तिले पाच वर्षं झाले."

"मंग पाटीवर सगळ्याईचे नावं कावून?"

"दर ईदले रंग देतो ना. उन्हानं फिके पडते." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "गेलेल्याचं नाव पुसाचं नसते, भाऊ. आपण जरा सरकून घ्याचं."

पाटीच्या शेवटी बोटभर जागा कोरी होती. ती कोणाची, विचारलं. चाचा तोंडभर हसले. "धाकट्याच्या घरी बाळ येऊन राहिलं!"

बोर्डाचा विषय मी काढलाच नाही. दुकानात आलो आणि विलासला सहा महिन्यांत पहिला फोन केला. म्हटलं, "नवा बोर्ड केला. दिवाळीत येऊन पाहून जाजो."

तो मग हळूच म्हणाला, "दादा, बंधू ठेवलं काय रे?"

"चाचाचा बोर्ड हाय, लेका," मी म्हटलं. "त्यात सगळे मावतात."